वयाचा रकाना

वार्धक्य आणि कर्करोग यांच्या जनुकांवर काम करणाऱ्यांच्या अर्जात नावाखाली लगेच वयाचा रकाना असतो. बाकीच्या रकान्यांवर बैठकांमध्ये तासन्‌तास खल होतो. तंबाखू किती वर्षं, दिवसातून किती वेळा, नात्यात कुणाला गाठ झाली होती का, रक्त किती मिलिलिटर घ्यायचं. वयावर कुणी बोलत नाही. दोन आकडे लिहायचे, झालं. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर काम करू लागले तेव्हा आमच्या अख्ख्या अर्जात सर्वांत जड रकाना तोच निघाला.

तलासरी तालुक्यात दहांतली नऊ माणसं आदिवासी. वारली सर्वांत जास्त, त्यांच्याशिवाय कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी. वय विचारलं की पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड बाहेर येतं. साठीपुढच्यांच्या कार्डांवर बघावं तर ज्याची त्याची जन्मतारीख १ जानेवारी. नोंदणीच्या वेळी नुसतं अंदाजे वय सांगितलं की त्या वर्षाची १ जानेवारी आपोआप पडते. जे चार वर्षं शाळेत गेले त्यांची १ जून, कारण गुरुजींनी जूनमध्ये नाव घातलं. ही १ जून महाराष्ट्रातल्या कुठल्याच खेड्याला नवी नाही. मतदार यादीत तिसरंच वय असतं. तोंडी विचारलं तर उत्तर येतं, “असतील साठ. कार्डावर काय ते तुम्हीच वाचा ना बाय.” जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, त्याआधी कुडाच्या घरात सुइणीच्या हातून झालेल्या जन्माची नोंद कोण ठेवणार? जनगणनेचे आकडे हाताळणाऱ्यांना हे दुखणं जुनंच माहीत आहे. शून्य आणि पाच या अंकांवर संपणाऱ्या वयांवर माणसांची गर्दी होते, त्रेपन्न आणि सत्तावन्न ओस पडतात.

पाच-दहा वर्षं इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं, असं मला पुष्कळांनी विचारलंय. कर्करोगाच्या अभ्यासात फार बिघडतं. १९५४ साली पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी दाखवलं, की अनेक कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण वयाच्या जवळपास सहाव्या घाताने वाढत जातं. पेशीत एकामागून एक बिघाड साचावे लागतात आणि त्याला वर्षं लागतात, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. आता हिशेब करून पाहा. पन्नास आणि साठ यांत दीडपटसुद्धा फरक नाही, पण दोघांचा सहावा घात घेतला तर साठचा आकडा पन्नासच्या जवळपास तिप्पट येतो. म्हणजे साठीची बाई माझ्या अर्जावर पन्नाशीची लिहिली गेली, तर तिच्या वयाने आलेला धोका मी तिच्या जनुकांच्या किंवा तिच्या तंबाखूच्या नावावर टाकून मोकळी होणार.

वार्धक्य आणि कर्करोग या दोघांची गाठ पेशीतच पडते. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं, की काचपात्रात वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना असलेले टेलोमिअर दर विभाजनात थोडे झिजतात, आणि ते फार आखूड झाले की पेशी विभाजन बंद करते. थांबलेल्या पेशी साचत जातात, हे म्हातारपणाचं एक कारण. पण ते थांबणं हेच कर्करोगाविरुद्धचं संरक्षणही आहे. कर्करोगाच्या बहुतेक पेशी टेलोमरेज हे विकर पुन्हा चालू करतात, टोकं लांब ठेवतात आणि थांबायचं नाकारतात. थांबलो तर म्हातारे होऊ, न थांबलो तर गाठ होईल, अशा पेचातून शरीर वाट काढत असतं. कुणाच्या शरीरात ही वाट किती टिकते, आणि त्यात वारशाने आलेलं किती आणि आयुष्याने घडवलेलं किती, हा माझ्या कामाचा विषय.

त्यासाठी हाताशी एक नवं साधन आलंय. डीएनएच्या ठरावीक जागांवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट बसतात, उठतात. पोथीतली अक्षरं तीच राहावीत आणि वाचणाऱ्याने केलेल्या खुणा मात्र वर्षागणिक वाढत-पुसत जाव्यात, तसं हे चालतं. २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा ३५३ जागा निवडून त्यांवरून वय सांगणारं गणित मांडलं. त्यातली चूक साधारण साडेतीन वर्षांच्या आसपास येत होती. मला त्या गणिताचं उत्तर एकटं उपयोगाचं नाही. रक्ताने सांगितलेलं वय आणि पावसाळ्यांनी मोजलेलं वय यांतली वजाबाकी मला हवी असते. रक्त पुढे धावत असेल तर ते शरीर लवकर झिजतंय, आणि अशांमध्ये मृत्यूचा धोका अधिक दिसतो असं अभ्यास सांगतात. वजाबाकीला दोन आकडे लागतात. तलासरीत माझ्याकडे एकच होता, आणि तोही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर घासून तयार झालेल्या गणितातून आलेला.

गंमत अशी, की त्याच डहाणू तालुक्यात याच्या अगदी उलट चित्र आहे. घोलवड-बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाड्या आहेत, ज्यांच्या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातल्या कितीतरी वाड्या इराणी आणि पारशी कुटुंबांनी वाढवल्या. इराणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे येत गेले. पारशांचं नातं तर त्याहून फार जुनं. पलीकडे गुजरातच्या हद्दीत ते आधी येऊन वसले ते संजाण, आणि इकडे बोर्डीजवळच्या डोंगरात बहरोटची लेणी, जिथे त्यांनी आपला पवित्र अग्नी लपवून राखला. या घरांत वय विचारलं तर तारखेबरोबर जन्माची वेळही मिळते, आजोबांचं आणि पणजोबांचंही साल मिळतं. जनुकशास्त्रज्ञांना हा समाज फार दिवसांपासून खुणावतो. लहान, आपसांत लग्नं करणारा, वंशावळी राखणारा. २००१च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते, २०११मध्ये ५७,२६४ उरले. त्यांत म्हाताऱ्या माणसांचा वाटा मोठा. अग्नी पवित्र म्हणून धूम्रपान निषिद्ध, त्यामुळे धुराचा हिशेब बाजूला ठेवून बाकीच्या कारणांकडे बघता येतं. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, देशातली तशी पहिलीच. त्या नोंदींवरून डॉ. दाराब जस्सावाला आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे. हे दाखवता आलं, कारण प्रत्येक रुग्णाचं आणि एकूण समाजाचं वय नीट माहीत होतं.

वाडीत चिकू उतरवणारी वारली बाई आणि वाडीचा मालक यांच्यात बांधाचंच अंतर. एकाच्या आजाराचा आलेख पिढ्यान्‌पिढ्यांचा काढता येतो, दुसरीचा सुरूच होत नाही. जनुकांविषयी जे छापून येतं त्यात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, याचं एक साधं कारण हे आहे. ज्याची तारीख आहे त्याचा अभ्यास होतो.

तेव्हा तारीख नसलेल्यांचं वय काढायला बसलो. पहिला मार्ग घटनांचा. या भागातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींचा सर्वांत मोठा खांब म्हणजे लाल बावटा, वेठीविरुद्धचा लढा. १९४५च्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो काळ लिहिलाय, लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबायचं, ती लग्नगडी पद्धतही त्यातच आहे. “बावट्याच्या आधीचे की नंतरचे?” या प्रश्नाला पाड्यावर लगेच उत्तर येतं. “बाप लपायला रानात गेलेला तवा मी आईच्या पाठीवर,” असं कुणी सांगितलं की त्या आजोबांची ऐंशी सरली, हे नक्की. मग कार्डावर बहात्तर का असेना. पुढचे खांब मग सापडत जातात. नसबंदीचं वर्ष. इंदिराबाई गेल्या ते वर्ष. डहाणूच्या थर्मल वीज केंद्राचं धुराडं उभं राहत होतं तो काळ. लहान मुलांच्या वयासाठी भूकंप, २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलू लागली आणि लोक घराबाहेर झोपू लागले, ते दिवस कुणी विसरत नाही. बाळ त्या थंडीत अंगावर पीत होतं की चालत होतं, एवढं विचारलं की महिन्यापर्यंत जाता येतं.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण तो पाड्याचाच आहे. आकडा कुणाला ठाऊक नसतो, पण मोठं कोण आणि धाकटं कोण हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. असावंच लागतं. हाक कशी मारायची, मान कुणाला द्यायचा, सगळं त्यावर चालतं. आशाताईंना सोबत घेऊन आम्ही पाड्यातल्या म्हाताऱ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायचो आणि ओसरीवर मांडायचो. मग चार बाया बसायच्या. “ही हिच्या आधीची. हिचं लगीन झालं तवा ती फ्रॉकात होती.” “छ्या, तिची आवणी माझ्यासंगं सुरू झाली.” चिठ्ठ्या वरखाली व्हायच्या. तासाभराने एक रांग तयार व्हायची, आणि त्यात वाद उरलाच तर शेजारशेजारच्या दोघींपुरता. रांगेत एखादा आश्रमशाळेत शिकलेला, एखादी आरोग्य केंद्रात जन्मलेली, असे पक्क्या तारखेचे दोन-चार जण असले की बाकीच्यांची वयं त्यांच्यामध्ये बसवता येतात. कालाहारीतल्या कुंग लोकांत नॅन्सी हॉवेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस काम केलं तेव्हा वयाची अशीच उतरंड लावून घेतली होती. ज्यांच्याकडे कॅलेंडर नाही त्यांच्याकडे क्रम असतो, हे तिथेही खरं ठरलं.

या बैठकांमुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. प्रयोगशाळेत मी वय ही प्रत्येक माणसाची स्वतःची, सुटी गोष्ट धरत आले होते. इथे माणसाचं वय शेजारणीच्या जिभेवर असतं. ती शेजारीण गेली की ते वयही गेलं.

रक्त घेण्याचा भाग त्यानंतरचा. मी औषध देणारी डॉक्टर नव्हे, हे आधी सांगावं लागतं आणि दोनदा सांगावं लागतं. कशासाठी घेतो, काय शोधणार, तुम्हाला त्यातून लगेच काय मिळणार नाही, नको म्हणालात तर काही बिघडणार नाही, हे सगळं बोलून मग अंगठा किंवा सही, शेजारी साक्षीदार. लोकांना रक्ताच्या लाल रंगाचं अप्रूप; मी सांगते की आम्हाला त्यातल्या पांढऱ्या पेशी हव्यात, कारण तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, वाचायला डीएनए नसतो. जांभळ्या बुचाच्या नळ्या बर्फाच्या पेटीत जातात आणि पेटी डहाणू रोडच्या लोकलने मुंबईला. २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तिने कोळणींइतकीच आमचीही सोय केली.

पुरुषांचा नमुना मिळवणं वेगळंच त्रांगडं. इथले कितीतरी तरुण वेरावळ, पोरबंदर, ओखा इकडे बोटींवर खलाशी म्हणून जातात. उरलेले सरीगाम-वापीच्या कंपन्यांत, वीटभट्ट्यांवर. खलाशी घरी सापडतात ते जून-जुलैत, मासेमारी बंद असताना. तेव्हा नेमकी आवणी चालू, ओढ्यांना पाणी, पाड्याची वाट चिखलात. चिखल तुडवत संध्याकाळी जावं लागतं, शेतातून लोक परत आल्यावर. चाळिशीच्या त्या खलाशांचे हात-चेहरे बघून कुणीही पन्नास म्हणेल. मीठ, ऊन, जागरण, विडी, तंबाखू-चुना. त्यांचं रक्त काय म्हणतं ते मला कळेल. पण ते खरंच चाळिशीचे आहेत हे आधी त्यांच्या मावश्यांनी सांगितलेलं असतं.

संमतीबद्दल बोलताना मला कमल रणदिवे आठवतात. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, परळला डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाचं संशोधन केलेल्या कमलाबाई पीएच.डी.नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि परत येऊन त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढू लागल्या. त्या हेला पेशी आजही जगभर विभागत आहेत. टेलोमरेज चालू असल्याने त्यांना हेफ्लिकची मर्यादा लागू नाही. हेन्रिएटा स्वतः त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी गेल्या. पेशी संशोधनासाठी घेऊ का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, घेतल्या हे सांगितलंही नव्हतं. वार्धक्य आणि कर्करोगाच्या विज्ञानाची इमारत ज्या पेशींवर उभी आहे, त्यांच्या मुळाशी न विचारलेला प्रश्न आहे. कमलाबाईंनी उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं काम केलं आणि उतारवयात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. त्या दोन कामांमध्ये मला कधी खंड दिसला नाही. शरीर कशाने झिजतं हाच प्रश्न दोन्हीकडे होता.

इथल्या झिजण्याला जनुकांचा हात किती आहे, हे विचारताना जपून राहावं लागतं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ साली दिलेल्या अहवालात आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं धरलं होतं, इतरांचं ६७. कर्करोग दिसायला सुरुवात होते त्या वयाला पोचण्याआधीच क्षय, सर्पदंश, बाळंतपण किंवा नुसता न उतरलेला ताप माणसाला नेतो, तेव्हा ‘इथे कर्करोग कमी आहे’ हे वाक्य लिहिताना हात आखडतो. जे पोचतात त्यांच्या तोंडातला पांढरा चट्टा तपासायला वलसाड नाहीतर मुंबई गाठावी लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. चट्ट्यापासून गाठीपर्यंतचा काळ त्या बुडणाऱ्या मजुरीत जातो. तंबाखूने पेशीत केलेले बदल मी यंत्रावर वाचू शकते. बुडालेली मजुरी त्यात उमटत नाही.

लगेच उत्तर देता येईल असा एक जनुक मात्र इथे आहे. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं आणि तांबडी पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारखी वाकते. ते वाकडेपण आईबाप दोघांकडून आलं तर दुखणं. एकाकडून आलं तर माणूस नुसता वाहक. विद्राव्यता चाचणी पाड्यावर होते, खात्री मोठ्या यंत्रावर. त्यावर दिली जाणारी हायड्रॉक्सियुरिया ही गोळी मुळात रक्ताच्या कर्करोगातली. पेशीविभाजनाला लगाम घालणारं तेच रसायन इथे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवून दुखण्याचे झटके कमी करतं. १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासणी चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची. चाळीस वर्षांपर्यंतच्या! पुन्हा तोच रकाना. कार्डाने त्रेचाळीस आणि ओसरीवरच्या चिठ्ठ्यांनी अडतीस ठरलेली बाई त्या यादीत येते की नाही?

पाड्यावरच्या एका आजीने मला सर्वांत अवघड प्रश्न विचारला. तिच्या कार्डावर एकसष्ट आहे. श्रावणबाळ योजनेला पासष्ट पूर्ण लागतात, महिन्याला दीड हजार मिळतात. “तुमच्या मशिनीत माझ्या रक्तावरनं वय निघतं म्हणता, मग तेवढं लिहून द्या की.” तिने आमचं विज्ञान बरोबर पकडलं होतं. मला सांगावं लागलं, की ते गणित तुमच्यासारख्यांच्या रक्तावर तपासलेलं नाही. चार वर्षं पुढेमागे होतं आणि तुम्हाला हवी आहेत ती नेमकी चारच वर्षं. शिवाय रक्त पुढे धावलेलं निघालं तर ते तुमचं वय नव्हे, तुमची झीज असेल. आजी म्हणाली, “झीज झाली तवाच तर पेन्शन पायजे.” यावर उत्तर माझ्या शास्त्रात नाही. धोरण ठरवणाऱ्यांनी द्यावं असं ते आहे.

आमच्या अर्जावर आता वयाच्या एका रकान्याचे चार झाले आहेत. कागदावरचं, तोंडी सांगितलेलं, रांगेतून निघालेलं किमान आणि कमाल. विश्लेषणात आम्ही ती सगळी रुंदी घेऊन चालतो. निष्कर्ष त्यामुळे कमी ठळक येतात आणि तसेच मांडतो. एकच नेमका आकडा द्या, असा आग्रह होतो तेव्हा चिठ्ठ्यांची रांग कशी लागली ते सांगते.

आजीच्या कामी शेवटी रक्त आलंच नाही, ती रांग आली. तिची धाकटी बहीण दोन पाडे सोडून राहते, कार्डावर सदुसष्टची आहे आणि पेन्शन घेते. धाकटी सदुसष्टची तर थोरली एकसष्टची कशी? वयाचा दाखला सरकारी रुग्णालयातले डॉक्टर देऊ शकतात. आशाताईंनी दोघींची कार्डं आणि लग्नांचा क्रम सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्या सोबत घेतल्या आणि चौघींना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.